‘लपाछपी’ आणि ‘छोरी’ : भयपटाच्या पुनर्निर्मितीतील दिग्दर्शकाची दृष्टी

एकच भयकथा दुसऱ्या दिग्दर्शकाने हाताळली, तर तिच्यातील भय तेच राहते काय, हा चित्रपट-समीक्षेतील एक मूलभूत प्रश्न होय. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेरातू’ (१९२२) मध्ये पहाटेच्या प्रकाशात पिशाचाचा नाश होतो. वर्नर हर्झोग यांच्या १९७९ मधील आविष्कारात मात्र पिशाच संपले तरी नायकाच्या रूपाने अनिष्ट जिवंत राहते. कथानक एकच असूनही त्यातून निघणारा जीवनविषयक निष्कर्ष पालटतो.

या पार्श्वभूमीवर मराठीतील ‘लपाछपी’चे उदाहरण उद्बोधक ठरते. विशाल फुरिया यांचा हा चित्रपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यांनीच २०२१ मध्ये ‘छोरी’ या नावाने तो हिंदीत आणला. ‘लपाछपी’तील गर्भवती नेहा (पूजा सावंत) कर्जबाजारी पतीसह उसाच्या फडातील एकाकी घरात आश्रय घेते. समृद्धीचे प्रतीक असलेला ऊस येथे कोंडणारी भिंत बनतो, तर तुळसाबाईची (उषा नाईक) माया हाच सापळा ठरतो. भुतांपेक्षा जिवंत माणसे अधिक भयंकर आहेत, हे चित्रपटाचे सूत्र होय. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्येच कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील मुलींचे दर हजार मुलांमागील प्रमाण २००१ मध्ये ९१३, तर २०११ मध्ये ८९४ होते. त्यामुळे हे भय काल्पनिक राहत नाही.

‘छोरी’त भाषा व कलावंत बदलले. मीता वशिष्ठ यांची भन्नोदेवी समर्थ आहे. तथापि ऊस, घर, गर्भवती नायिका आणि सूत्र कायम राहिले. दिग्दर्शकाने मूळ कृती जपली, पण तिच्याशी वाद घातला नाही. विषय अधिक प्रेक्षकांपर्यंत नेण्याच्या दृष्टीने हे योग्यच होय. परंतु त्यास भाषांतर म्हणावे लागेल, पुनर्कल्पना नव्हे.

दुसऱ्या दिग्दर्शकाने कदाचित ही कथा तुळसाबाईच्या बाजूने पाहिली असती. स्वतः स्त्री असूनही ती या क्रौर्याची राखणदार का झाली, हा प्रश्न दोन्ही चित्रपटांत नायिकेच्या सुटकेच्या धडपडीमागे राहतो. पुनर्निर्मितीचे खरे प्रयोजन मूळ कृतीने मागे ठेवलेला असा प्रश्न पुढे आणण्यात आहे, असे म्हणता येईल.