मोनेच्या बंदरातला सूर्य

नागपूरच्या आमच्या शाळेत आलेल्या एका पुस्तिकेत होड्यांचे चित्र काळ्या शाईत छापले होते. खाली लिहिले होते ‘सूर्योदय’. सातवीतल्या मुलीने विचारले, “सर, यात सूर्य कुठाय?” आम्ही छपाईला दोष दिला. तो अर्धाच खरा होता.

हे क्लोद मोनेचे ‘इंप्रेशन, सूर्योदय’. १८७२ सालचे हे तैलचित्र फ्रान्समधील ल हाव्र बंदराचे आहे. १८७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ते मांडले, तेव्हा लुई लरुआ या समीक्षकाने त्याची टर उडवली. भिंतीला लावायचा कागददेखील याहून पुरा केलेला असतो, असा त्याचा सूर होता. ‘इंप्रेशनिस्ट’ हे नाव त्या टवाळीतूनच रूढ झाले.

वरच्या आकाशातले फटकारे आम्हालाही सैल वाटतात. पण होड्या पाहा: जवळची गडद, मागची फिकट, तिच्याही मागची धुक्यात विरलेली. एवढ्यानेच पाण्याला खोली येते. आणि सूर्यापाशी तर चित्रकार मुळीच बेसावध नाही. चित्राची चांगली रंगीत प्रत घेऊन मोबाइलवर तिचा कृष्णधवल फोटो काढा. होड्या राहतात, सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! नारिंगी सूर्य आणि भोवतीचे निळसर-राखाडी धुके यांचा उजळपणा जवळपास सारखा आहे. फरक केवळ रंगाचा. हार्वर्ड विद्यापीठातील मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांचे स्पष्टीकरण असे: मेंदूतील जो भाग वस्तूची जागा आणि हालचाल ठरवतो, तो रंगाबाबत जवळजवळ आंधळा असतो. त्याला हा सूर्य सापडतच नाही. रंग ओळखणाऱ्या भागाला मात्र तो ठळक दिसतो. म्हणून सूर्य एका जागी ठरत नाही, थरथरल्यासारखा वाटतो.

मग चित्र चूकच की, असे आमच्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे. फुटाळ्याच्या काठावरून दिसणारा मावळता सूर्यही आकाशाहून उजळच असतो. आक्षेप रास्त आहे. परंतु चित्रातला पांढरा रंग काळ्याच्या फार तर तीसेक पट प्रकाश परत पाठवतो. खऱ्या सूर्याची बरोबरी तो कुठून करणार? तिथे पांढरा ठिपका दिला असता, तर तो ठिपकाच राहिला असता.

पुस्तिकेतल्या चित्रावर मुलांनी नारिंगी खडूची टिकली लावून पाहिली. दरवेळी कृष्णधवल फोटो काढून तपासले. पहिले दोन खडू फारच उजळ निघाले, तिसरा जुळला.