जॅझच्या रसिकांची यादी

जॅझचे रसिक भेटले की एकमेकांना विचारतात, 'सध्या काय ऐकता?' उत्तरात नुसते तबकडीचे नाव चालत नाही. ध्वनिमुद्रणाचे साल, कंपनी, ड्रमवर कोण, बासवर कोण, सारे सांगावे लागते. ही रीत मला मनापासून आवडते. मात्र ज्यांच्या जगण्यातून हे संगीत आले, ते लोक या यादीतून सहज गळून पडतात, हे सांगितलेच पाहिजे.

मॅक्स रोचची 'वुई इन्सिस्ट!' ही १९६० सालची तबकडी घ्या. मुखपृष्ठावर उपाहारगृहात बसलेले कृष्णवर्णीय तरुण आहेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रीन्सबरो गावी चार विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसले आणि त्यांनी उठायला नकार दिला. १९२७ चे महाड ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक काय सांगावे? पण एका जाणकाराने मला रोचच्या पाच मात्रांचा हिशेब तपशीलवार समजावला आणि अॅबी लिंकनच्या किंकाळ्यांपाशी येताच 'इथे जरा कर्कश होते' म्हणून तो पुढे सरकला. दलित कवितेला आक्रस्ताळी म्हणणारे समीक्षक आपण पाहिले आहेत. कान तोच आहे.

१५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये गोऱ्या वंशवाद्यांनी बॉम्बस्फोट केला. चार मुली मेल्या. नोव्हेंबरात जॉन कोल्ट्रेनने 'अलाबामा' ध्वनिमुद्रित केले. त्यात एकही शब्द नाही. 'लाइव्ह अॅट बर्डलँड' या तबकडीत ते आहे, आणि तिच्या वेष्टनावरचा मजकूर लेरॉय जोन्सचा, म्हणजे याच संगीतातून आपल्या लोकांचा इतिहास वाचणाऱ्या कवीचा. हे वादन मी वर्गात काही न सांगता ऐकवले. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, 'सर, ही मयत कुणाची?' इतकी नेमकी समीक्षा मी इंग्रजी पुस्तकांतही फारशी वाचलेली नाही.

पँथर हे नाव आपण १९७२ साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यांचे साहित्यही वाचले. त्यांचे संगीत मात्र मुंबईच्या उच्चभ्रू दिवाणखान्यांतच राहिले. तसे ते इथे परके नव्हते. १९३५ साली लिऑन अॅबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. पुढे तिथे गोव्याचे वादकही नावारूपाला आले. त्यांतला चिक चॉकलेट, खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतो. चित्रपटसंगीत घडवणाऱ्या अशा कितीतरी गोवेकरांची नावे श्रेयनामावलीत आलीच नाहीत.

आणि आपण? भीमराव कर्डकांचे, वामनदादांचे नाव आपण जपले, ते योग्यच. पण भीमगीतांच्या कॅसेटवर गायकाचे नाव असे. ढोलकी कुणाची, कोरसात कोण, हे बहुधा नसे. रसिकांची नावे नोंदवण्याची सवय आपण उचलली पाहिजे, ती त्यांच्यासारखी अर्धवट नव्हे. बासवादकाचे नाव पाठ असणे हा त्यांच्याकडे छंद असेल. आपल्याकडे तो हक्काचा प्रश्न आहे.

यंदा मी विद्यार्थ्यांना आपापल्या वस्तीतल्या जलशांतील वादकांची नावे लिहून आणायला सांगितली. ढोलकीवाल्यांची काही आली. दोन पेटीवाले सापडले. हलगीवाल्याचे अजून एकही नाव वहीत नाही.