न घासणारे घर्षण

शालेय विज्ञानाच्या मराठीवर टीका होते ती बहुतेक वेळा तिच्या संस्कृतप्रचुरतेबद्दल. माझा आक्षेप वेगळा आहे. ‘स्थितिक घर्षण’ ही संज्ञा मुलांना अवघड जात नाही. ती फार लवकर कळल्यासारखी वाटते, आणि घोटाळा तिथेच होतो.

घर्षण म्हणजे घासणे. सहाणेवर खोड फिरते तेव्हा दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात. ते गतिक घर्षण. तिथे शब्द आणि घटना यांचे जुळते. पण जड पेटी ढकलूनही जागची हलली नाही, तर तिथे काय घासले गेले? काहीच नाही, तरीही जमीन पेटीवर बल लावत असते. या संज्ञेतले विशेषण आणि नाम एकमेकांशी भांडतात. इंग्रजी शब्दही लॅटिनमधल्या घासण्याच्या क्रियापदावरूनच आलेला असल्याने दोष एकट्या मराठीचा नाही.

शब्दाने केलेला घोटाळा सूत्र पक्का करते. घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले लंबबल, हे पाठ झाले की उत्तर तयार. समजा, पेटी 10 किलोची, स्थितिक घर्षणांक 0.5, गतिक 0.4, आणि गुरुत्व त्वरण सोयीसाठी 10. सपाट जमिनीवर लंबबल 100 न्यूटन. पेटीला 20 न्यूटनने ढकलले, तर घर्षण किती? पुष्कळ मुले 50 लिहितात. ते खरे असते, तर पेटी उलट ढकलणाऱ्याच्याच अंगावर आली असती! खरे उत्तर 20. ढकल 35 केली, तर घर्षणही 35. 50 ही केवळ त्याची कमाल मर्यादा. ढकल 60 झाली की पेटी सुटते, घर्षण 40 वर उतरते आणि उरलेले 20 न्यूटन पेटीला वेग देतात. म्हणजे गतिक घर्षण ‘इतके’ असते, स्थितिक घर्षण ‘इथपर्यंत’ असते. सूत्र शिकवताना हा ‘पर्यंत’ गळतो.

वास्तविक हा विषय सावकाशपणे उलगडलेला आहे. घर्षण लंबबलाच्या प्रमाणात वाढते, हे आमोंताँ यांनी 1699 मध्ये फ्रेंच अकादमीपुढे मांडले. स्थितिक आणि गतिक हा भेद ऑयलर यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट केला. 1781 मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळवणाऱ्या कुलोम यांनी तर स्पर्श जितका जुना तितके स्थितिक घर्षण वाढू शकते, हेही तपासले. ऐंशीहून अधिक वर्षांचा हा विचार आपण एका ओळीत उरकतो.

‘घर्षण गतीला विरोध करते’ हे वाक्यही मला अपुरे वाटते. विरोध असतो तो दोन पृष्ठभागांच्या परस्परांवर सरकण्याला. चालताना पाऊल जमिनीला मागे रेटते आणि जमीन आपल्याला पुढे ढकलते, ती स्थितिक घर्षणानेच. पावसाळी घाटात जोरात ब्रेक दाबून चाक जाम झाले, तर टायर घसरू लागतो. पकड साधारणपणे कमी होते आणि गाडी वळवता येत नाही. फिरत्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग मात्र क्षणभर स्थिर असतो. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही, ते म्हणूनच. हा भेद केवळ गुणांपुरता नाही.

संज्ञा बदला, असे मी म्हणणार नाही. रुळलेला शब्द मोडून नवा घोटाळा कशाला? तिच्यासोबत एक प्रयोग मात्र द्यावा. हाच अंक आडवा धरा, वर एक नाणे ठेवा आणि एक कड हळूहळू उचला. नाणे हलत नाही, पण प्रत्येक अंशागणिक त्याला धरून ठेवणारे बल वाढत असते. एका कोनाला ते सुटते आणि बहुधा वेग घेत खालीच जाते. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे स्थितिक घर्षणांक. सुटण्यापूर्वीच्या त्या शांततेत काय चालले होते, हे ज्याला सांगता येईल, त्याला घर्षण कळले.