दोन दंड, एक वाक्य : ‘काळा स्वातंत्र्यदिन’चे वाचन

स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ‘साधना’ साप्ताहिकाचा १५ ऑगस्ट १९७२ चा विशेषांक अनिल अवचट यांनी दलितांच्या प्रश्नावर संपादित केला. त्यातील राजा ढाले यांच्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ ह्या लेखाने मोठे वादळ उठवले. दलित पँथरची स्थापना त्याच वर्षी मुंबईत झाली होती. ढाले तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेले होते आणि नामदेव ढसाळ त्यांच्याहूनही तरुण होते. चळवळीच्या इतिहासात ह्या लेखाला स्थान मिळाले ते त्यातील राष्ट्रध्वजाविषयीच्या उद्गारांमुळे. परंतु लेखाची संहिता म्हणून रचना पाहू गेल्यास वेगळीच गोष्ट ध्यानात येते. हा लेख शिवीवर नव्हे, तुलनेवर उभा आहे.

ब्राह्मणगावात दलित स्त्रीची विटंबना करणाऱ्यांना झालेला दंड ५० रुपयांचा, तर राष्ट्रीय प्रतीकाच्या अवमानासाठी ढाले सांगतात तो दंड ३०० रुपयांचा. हे दोन आकडे त्यांनी शेजारी ठेवले. ही मापे लेखकाने कल्पिलेली नाहीत. शासनसंस्थेच्या न्यायव्यवहाराकडे बोट दाखवून ती तिच्यापुढे परत ठेवलेली आहेत. प्रतीक आणि माणूस यांत व्यवस्था कोणाला अधिक मोल देते, हा लेखाचा मूळ प्रश्न होय. ध्वजाविषयीचा प्रक्षोभक उद्गार ह्या प्रश्नाची परिणती म्हणून येतो, त्याचा आरंभ म्हणून नव्हे.

वाद मात्र त्या परिणतीवरच खिळला. तुलनेतील एक पद उचलून त्यावर संताप व्यक्त झाला; दुसरे पद, म्हणजे ती विटंबित स्त्री, चर्चेच्या परिघाबाहेर राहिले. वाक्याचे अर्धेच वाचन करून त्याचा निवाडा करणे ही केवळ राजकीय चूक नव्हे, ती वाङ्मयीन चूकही आहे. उपमेय वगळून उपमानाचा अर्थ लावू पाहणाऱ्या टीकाकारास कवितेच्या प्रांतात कोणी क्षमा करणार नाही.

ह्या लेखाची भाषा असंस्कृत म्हणून बाजूस सारणेही सोपे नाही. ढाले लघुनियतकालिकांच्या चळवळीतून आलेले. १९६९ मध्ये ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी करणाऱ्या तरुणांत ते अग्रभागी होते. अभिजनांच्या प्रमाणभाषेचे संकेत त्यांना पुरते ठाऊक होते. तेव्हा त्यांची रांगडी बोली ही अज्ञानातून नव्हे, निवडीतून आली आहे. विनंतीच्या भाषेत मांडलेला अन्याय पंचवीस वर्षे ऐकला गेला नाही, हाच त्या निवडीमागचा युक्तिवाद दिसतो.

तथापि लेखाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ज्या स्त्रीच्या अप्रतिष्ठेवर ही तुलना आधारलेली आहे, ती लेखात बोलत नाही. तिचे दुःख राष्ट्राला तोलण्याचे माप बनते. तिचे स्वतःचे म्हणणे काय, हा प्रश्न लेखकासही पडलेला नाही. लेखाच्या टीकाकारांनी तिला विसरावे आणि लेखकाने तिच्या वतीने बोलावे, ह्या दोहोंच्या मध्ये तिचे मौन तसेच राहते. ध्वजापेक्षा हा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि लेख समग्र वाचल्याखेरीज तो घेताच येत नाही.

संविधानाचा अनुच्छेद १९ भाषणस्वातंत्र्य देतो आणि सभ्यता, नीतिमत्ता आदी कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंधांची मुभाही ठेवतो. सभ्यतेचा अर्थ कोणी ठरवायचा, हा प्रश्न न्यायालयाइतकाच समीक्षेचाही आहे. तरुणांच्या निषेधाला लोकशाहीत बोलण्याची परवानगी असणे पुरेसे नाही. त्याचे वाक्य शेवटपर्यंत वाचले जाणे हेही त्या स्वातंत्र्याचे अंग आहे. ते वाचून त्याच्याशी मतभेद व्हावेत, कठोर मतभेदही व्हावेत. परंतु १९७२ मध्ये ३०० रुपयांवर वाद झाला आणि ५० रुपयांना उत्तर मिळाले नाही. ते उत्तर देण्याचे दायित्व अद्याप संपलेले नाही.