लाल चौकटीतला मासा

घरी समुद्री मासे पाळणाऱ्यांसाठी लिहिलेली इंग्रजी मार्गदर्शक पुस्तके चाळली, तर त्यांत एक तक्ता बहुधा सापडतोच. उभ्या आणि आडव्या रांगांत माशांची नावे, आणि दोन नावे जिथे मिळतात त्या चौकटीत रंग. हिरवा असेल तर दोघांना एका टाकीत खुशाल ठेवा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर नकोच. या तक्त्यात ट्रिगरफिशच्या रांगेवरून बोट फिरवले की लाल रंग संपता संपत नाही. टाकीत जिवंत प्रवाळ असतील तर त्याच्या नावापुढे आणखी एक ठरलेला शेरा मिळतो : 'रीफ-सेफ नाही'. म्हणजे प्रवाळभित्तीला हा मासा धोक्याचा.

मध्यंतरी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात असाच तक्ता 'सागरी परिसंस्था' या मथळ्याखाली मोठ्या हौसेने रंगवून लावलेला पाहिला. मुलांनी मेहनत केली होती, यात शंका नाही. पण तक्ता आणि मथळा यांचे जमत नव्हते. का जमत नव्हते, ते जरा सविस्तर पाहू.

प्रथम तक्त्याच्या बाजूने बोलले पाहिजे. ट्रिगरफिशचा जबडा बळकट असतो आणि दात छिन्नीसारखे. शिंपले, खेकडे, गोगलगायी, तारामासे हे त्याचे खाणे. टाकी स्वच्छ राहावी म्हणून पाळणारा ज्या कोळंब्या आणि शंखातले खेकडे मुद्दाम आणून सोडतो, ते ट्रिगरफिशच्या दृष्टीने वाढून ठेवलेले ताटच! शिवाय तो आपली जागा राखणारा मासा आहे. समुद्रात हाकलला गेलेला मासा दूर निघून जातो, काचेच्या टाकीत तो जाणार कुठे? त्याच त्या कोपऱ्यात पुन:पुन्हा चावे खातो आणि शेवटी मरतो. २००३ मधल्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटात दंतवैद्याच्या टाकीत काटेरी फुगा मासा, कोळंबी आणि तारामासा अगदी गुण्यागोविंदाने नांदतात. हा फुगा मासा ट्रिगरफिशच्याच गणातला, कठीण कवचे फोडून खाणारा. खऱ्या टाकीत ते संमेलन फार दिवस टिकले नसते. एवढ्यापुरता तक्ता चित्रपटापेक्षा प्रामाणिक आहे.

पण 'ट्रिगरफिश' असे एकच नाव लिहून तक्ता पहिली चूक करतो. या कुळात सुमारे ४० जाती आहेत आणि त्या सगळ्यांचे पोट एका पद्धतीने भरत नाही. लाल दातांचा निळसर ट्रिगरफिश, म्हणजे ओडोनस नायजर, याचे तोंड किंचित वर वळलेले असते. तो थव्याने प्रवाहात राहून मुख्यतः पाण्यातले प्राणिप्लवक टिपतो. झँथिक्थिस प्रजातीचे मासेही त्याच प्रकारचे. प्रवाळांच्या मोठ्या टाकीत हे पुष्कळदा निभावून जातात (लहान कोळंबीची हमी मात्र कोणी देऊ नये). याउलट नारिंगी रेघांचा बॅलिस्टॅपस अन्ड्युलॅटस हा तळाशी राहून फोडून खाणारा आणि तापट. तोंडाची ठेवण पाहून आहार ओळखणे हा जीवशास्त्राचा किती साधा आणि सुंदर धडा! तक्त्याच्या एका चौकटीत तो पार पुसला जातो.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ती 'रीफ-सेफ' या शब्दातच दडलेली आहे.

याच तापट बॅलिस्टॅपसची गोष्ट घ्या. केनियाच्या किनाऱ्यावरील प्रवाळभित्तींवर टिम मॅक्लानाहन हे संशोधक १९८० च्या दशकापासून काम करीत आले आहेत. संरक्षित सागरी उद्याने आणि जिथे भरपूर मासेमारी होते त्या भित्ती यांची तुलना करताना त्यांना दिसले, की मासेमारीच्या भित्तींवर सी-अर्चिन अतोनात वाढले आहेत. सी-अर्चिन म्हणजे काट्यांच्या चेंडूसारखा दिसणारा, तारामाशाचा नातलग. तो शेवाळ खरवडून खातो आणि त्याबरोबर प्रवाळाचा चुनखडी सांगाडाही झिजवतो. संख्या आटोक्यात असेल तर ही झीज भरून निघते, संख्या वाढली की भित्तीच खचू लागते. आणि सी-अर्चिनना आटोक्यात ठेवणारा तिथला सर्वांत महत्त्वाचा शिकारी कोण? बॅलिस्टॅपस अन्ड्युलॅटस! तो जाळ्यांत आणि गळांना लागून संपला की सी-अर्चिनना मोकळे रान मिळते. मासेमारी थांबवली तरी हा मासा पूर्ववत व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, असेही त्यांना आढळले.

लांब काट्यांच्या सी-अर्चिनला ट्रिगरफिश खातो तरी कसा? हान्स फ्रिके या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने लाल समुद्रातील आपली निरीक्षणे १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. मासा तोंडातून पाण्याची चिळकांडी मारून सी-अर्चिनला उलथा करतो आणि खालच्या, आखूड काट्यांच्या बाजूने फोडतो.

तेव्हा ज्याला तक्ता प्रवाळभित्तीचा शत्रू ठरवतो, तो खऱ्या भित्तीचा राखणदार निघतो. तक्त्यातली 'रीफ' ही घरातली काही शे लिटर खारे पाणी मावणारी पेटी असते, आणि 'सेफ' म्हणजे मालकाने पैसे देऊन आणलेल्या वस्तूंना सुरक्षित. तसे सरळ लिहिले असते तर तक्रारीला जागा नव्हती.

मग सी-अर्चिन हा खलनायक म्हणावा का? तसेही नाही. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा जातीचे सी-अर्चिन कसल्याशा रोगाने झपाट्याने मरू लागले, वर्षभरात बहुतेक सगळे गेले. जमैकासारख्या ठिकाणी, जिथे शेवाळ खाणारे मासे आधीच मारले गेले होते, तिथल्या भित्ती शेवाळाने झाकून गेल्या. एकीकडे सी-अर्चिन वाढले म्हणून भित्ती खचली, दुसरीकडे ते मेले म्हणून गुदमरली. हे कोणत्या रंगाच्या चौकटीत बसवायचे?

तक्ता वर्गात आणूच नये, असे माझे म्हणणे नाही. आणावा, पण मथळा बदलून : 'टाकीत कोणाला कोणाबरोबर ठेवू नये'. आणि प्रत्येक लाल चौकटीपाशी मुलांना विचारावे, 'का?' 'खातो म्हणून', 'जागेसाठी भांडतो म्हणून', 'दोघांचे अन्न एकच म्हणून' अशी उत्तरे वेगवेगळी निघाली की लाल रंगाचे तीन-चार रंग होतील. शाळेत प्रवाळाची टाकी करण्याची हौस कोणाला असेल, तर भारतात २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

ट्रिगरफिश पाहायला टाकी लागतेच असे नाही. अरबी समुद्रात, विशेषतः कर्नाटक आणि केरळच्या किनाऱ्यावर, ओडोनस नायजर ट्रॉलरच्या जाळ्यांत भरपूर येऊ लागला आहे आणि त्यातला बराचसा माशांची भुकटी करायला जातो. बंदरावर एखादा हाती लागला, तर त्याच्या पाठीवरचा पहिला जाड काटा उभा करा आणि बोटाने दाबून पाहा. तो खाली जाणार नाही. मग त्यामागचा लहान काटा दाबा. पहिला काटा झटकन आडवा होतो, बंदुकीचा चाप ओढावा तसा. माशाला नाव मिळाले ते त्यावरूनच.