काझीचा निवाडा : इब्न रुश्दचं ‘फस्ल-उल-मकाल’ वाचताना

गझालीनं तत्त्वज्ञान बुडवलं, इब्न रुश्दनं ते वाचवू पाहिलं. एक कर्मठ, दुसरा उदारमतवादी. ही गोष्ट आपण सगळ्यांनी अशीच ऐकलेली असते. इब्न रुश्दचं ‘फस्ल-उल-मकाल’ हे छोटेखानी पुस्तक मी अनुवादातून दोनदा वाचलं आणि हा साचा मला पटेनासा झाला. आम्हा हैदराबादकरांना हा विषय परका वाटू नये. इथल्या दाइरतुल मआरिफ या १८८८ साली स्थापन झालेल्या संस्थेनं १९४७ मध्ये अ‍ॅरिस्टॉटलच्या ग्रंथांवरचे इब्न रुश्दचे अरबी निबंध छापले होते.

आधी गझाली (१०५८–११११). बगदादच्या निझामिया मदरशातला हा नामांकित अध्यापक. ‘तहाफुत-उल-फलासिफा’त त्यानं तत्त्ववेत्त्यांचे वीस मुद्दे तपासले, कुफ्रचा शिक्का मारला तो तिनांवरच. जग अनादि आहे, ईश्वराला सामान्य तत्त्वं कळतात पण एकेक घटना नाही, आणि देहासह पुनरुत्थान होणार नाही, हे ते तीन. ग्रहणाचं गणित त्याला मान्य आहे. धर्माच्या नावानं ते नाकारणारा धर्माचंच नुकसान करतो, असं तो बजावतो. तर्कशास्त्रही त्यानं टाकलेलं नाही. त्याची तक्रार एवढीच, की तत्त्ववेत्ते ईश्वराविषयी बोलताना स्वतःच्याच तर्काच्या कसोटीला उतरत नाहीत.

आता इब्न रुश्द (११२६–११९८). कॉर्डोबाचा हा वैद्य काझीही होता, म्हणून पुस्तक सुरू होतं ते कायद्याच्या प्रश्नानं. तत्त्वज्ञानाचा अभ्यास शरियतनुसार मना आहे, मुभा आहे, की कर्तव्य? ज्याची कुवत आहे त्याला कर्तव्य, हा त्याचा निवाडा. मग ग्रीक लोक मुसलमान नव्हते, त्याचं काय? कुर्बानीची सुरी निर्दोष असली की झालं, ती कोणाची हे बघत नाहीत. पाणी पिताना ठसका लागून कोणी मेला, म्हणून तहानलेल्यांचं पाणी तोडायचं का?

इथवर मी त्याच्या बाजूनं. पुढे मात्र अडतो. सिद्ध झालेलं सत्य आणि धर्मवचन यांचा मेळ बसत नसेल, तर वचनाचा लाक्षणिक अर्थ घ्यावा, असं तो म्हणतो. तो अर्थ कोणाला कळतो? ईश्वराला आणि ज्ञानात मुरलेल्यांना. त्यासाठी तो कुराणातल्या तिसऱ्या सुरेची सातवी आयत वाचताना ‘ईश्वर’ या शब्दावर थांबत नाही, पुढच्या ज्ञानी लोकांनाही त्याच वाक्यात घेतो. साधा एका विरामाचा प्रश्न, पण सगळी इमारत त्यावर उभी! मग हा अर्थ सामान्यांपुढे उघड करू नये, असंही तो सांगतो. गझालीवर त्याचा राग आहे तो यासाठीही, की त्यानं असल्या गोष्टी सर्वांच्या हाती पडतील अशा पुस्तकांत लिहिल्या. राज्यकर्त्यांनी अशी पुस्तकं अपात्र वाचकांपासून दूर ठेवावीत, इथपर्यंत तो जातो.

११९५ साली खलिफानं इब्न रुश्दला लुसेनाला हद्दपार केलं आणि तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळण्याचा हुकूम काढला. कोणी काय वाचावं, हे ठरवण्याचा अधिकार ज्यानं राज्यकर्त्याच्या हाती दिला, त्याच्यावरच तो उलटला.

त्यामुळे पुस्तकाचं मोल कमी होत नाही. धर्माच्या न्यायासनावर बसून तत्त्वज्ञानाला कर्तव्य ठरवणं ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याला मोकळ्या विचारांचा कैवारी म्हणण्याआधी पुस्तकाचा हा उत्तरार्धही वाचायला हवा, असं मला वाटतं.