इअरबड्सची तुलना: कान ठीक आहेत, प्रयोगाचं काय?

‘याचा बास भरीव आहे, त्याचा आवाज मोकळा आहे, तिसऱ्यात वाद्यं सुटी ऐकू येतात.’ महागड्या इअरबड्सची कुठलीही तुलना वाचा, अशी वाक्यं भेटतातच. लिहिणारा खोटं बोलत नसतो. त्याने जे ऐकलं तेच तो सांगतो. अडचण अशी, की त्याने नेमकी कशाची तुलना केली हे त्यालाच ठाऊक नसतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. दोन महागडे इअरबड्स मी आलटून पालटून ऐकले. एक ‘स्पष्टच’ सरस वाटला आणि तसं एका ज्युनिअरला सांगून टाकलं. तिने फेलोशिपच्या पैशांतून तेच घेतले. पुढे लक्षात आलं, की फोनवर व्हॉल्यूम तेवढाच असताना ती जोडी जरा मोठ्याने वाजत होती. दुसरीचा आवाज एक पायरी वाढवला, तर माझा तो ‘स्पष्ट’ फरक जवळजवळ विरूनच गेला.

असं का झालं? फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं, की आपला कान सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखा दाद देत नाही आणि हा असमतोल पातळीनुसार बदलतो. आवाज लहान असला की बास जास्तच दबतो, वाढवला की भरून येतो. त्यामुळे पातळीतला छोटासा फरक आपल्याला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. काटेकोर चाचणीत म्हणूनच दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आसपास जुळवून घेतात.

दुसरा घटक म्हणजे इअरबड कानात बसतो कसा. एखादं तबलावादन लावा आणि टिप मुद्दाम सैल करा. डग्ग्याचा घुमारा गायब! फट राहिली की सगळ्यात आधी बास गळतो. मग ‘बास पातळ आहे’ हे इअरबडचं वर्णन झालं, की समीक्षकाच्या कानाचं? त्यात बोसचे वरच्या श्रेणीतले इअरबड्स एक छोटी धून वाजवून तुमचा कान मोजतात, एअरपॉड्स प्रो आतल्या मायक्रोफोनवरून आवाज जुळवत राहतात. म्हणजे एकच मॉडेल दोन कानांत हुबेहूब सारखं वाजेलच असं नाही.

तिसरा घटक म्हणजे फोन. सोनी डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ अँड्रॉइडवर एलडीएसी वापरू शकतो, आयफोनवर त्याला एएसी वापरावा लागतो. तो फरक ऐकू येतो का, हा वेगळा प्रश्न. पण कोणत्या फोनवर ऐकलं हे न लिहिणं म्हणजे प्रयोगाची अर्धी पद्धत गाळणं.

सगळ्यात चिवट घटक म्हणजे आपल्याला असलेली माहिती. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर लोकांना दिसू देऊन आणि पडद्याआड ठेवून ऐकवले. स्पीकर दिसत असताना गुण बदलले. इअरबड तर पडद्याआड ठेवता येत नाही, तो कानाला जाणवतोच. ऑलिव्ह यांच्या गटाने हेडफोनसाठी यावर तोड काढली: वेगवेगळ्या मॉडेल्सचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स मोजायचा आणि एकाच हेडफोनमधून त्यांची नक्कल ऐकवायची. २०१७ मध्ये ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोन्सची मोजमापं तपासली. किंमत आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स यांत त्यांना सहसंबंध आढळला नाही.

मग महाग घेऊच नयेत का? तसं नाही. नॉइज कॅन्सलिंग, कानाला होणारा आराम, कॉलवरचा आवाज यांसाठी खुशाल पैसे द्या. फक्त त्या सगळ्याला ‘आवाजाचा दर्जा’ म्हणू नका. आणि ‘कानांवर भरवसा नको’ असा निष्कर्षही काढू नका. टूल आणि ऑलिव्ह यांचा डेटासुद्धा माणसांच्या कानांतूनच आला होता. त्यांनी कान बदलले नाहीत, कानांना नीट प्रश्न विचारला.

आता तुम्ही करून बघा. एकच जोडी, एकच गाणं, तोच व्हॉल्यूम. पाच वेळा काढा, पुन्हा घाला आणि दर वेळी बासला दहापैकी गुण द्या. मग हेच दुसऱ्या जोडीवर करा. एकाच जोडीचे गुण जर ५ ते ८ असे हलत असतील आणि दोन जोड्यांच्या सरासरीत एकाचाच फरक असेल, तर तुमच्या हातात अजून निष्कर्ष नाही. दोन गटांतला फरक सांगण्याआधी गटाच्या आतली हालचाल बघायची, ही सवय प्रबंधातही लागणारच आहे. इथे ती फुकटात लागते.

हे सगळं मी त्या ज्युनिअरला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “दादा, मग फरकाचे पैसे कधी देताय?”